देव्हाऱ्यातला बॅकअप

"आबा, टेबलाखाली तो काळा डबा आहे ना, निळा दिवा लागतो तो? त्याची वायर आता नव्या मशीनला लावा."

"कोणता डबा?"

"अहो, काळा. पाकिटाएवढा. बॅकअपचा."

फोनवर पलीकडून आबा अगदी निर्धास्त आवाजात म्हणाले, "तो व्हय! तो देवजोडे शे, भाऊ."

देवजोडे म्हणजे देवाजवळ. म्हणजे देव्हाऱ्यात.

शुक्रवार होता, सकाळचे अकरा वाजलेले. मी जळगावात माझ्या ऑफिसात खुर्चीवर, आबा धुळ्यात. मध्ये नव्वद किलोमीटर. आणि ज्या जुन्या सर्व्हरवर सगळा डेटा होता तो तासाभरापूर्वी टेम्पोत बसून नरडाण्याच्या एका शाळेत निघून गेला होता. कुणाच्या सांगण्यावरून? माझ्याच!

आधी थोडी ओळख करून देतो, नाहीतर पुढची फजिती नीट चवीने वाचता येणार नाही.

मी किशोर. गेली सव्वीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे कधीच बंद न होणारा आणि कधीच कौतुक न होणारा कॉम्प्युटर. भुसावळचा एक दवाखाना, चोपड्याची एक कापसाची जिनिंग मिल, धुळ्यातलं एक केंद्र, अशा बारा-पंधरा ठिकाणची मशीनं मी जळगावातून चालवतो. याला आम्ही रिमोट म्हणतो. रिमोटवरून सगळं करता येतं. फक्त एक वायर काढून दुसरीकडे लावता येत नाही. त्यासाठी तिकडे एक माणूस लागतो.

धुळ्यातला तो माणूस म्हणजे शांताराम आबा. धुळ्यात आमच्या समाजाचं वधू-वर केंद्र आहे, दोन खोल्यांचं. आबा ते उघडतात, झाडतात, चहा करतात. त्याआधी पस्तीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होते. पान्याला चुकून पाय लागला तर वाकून पान्याच्या पाया पडणारा माणूस.

आणि केंद्र चालवतात अक्का. निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्यासमोर मी पन्नाशीतही हाताची घडी घालून उभा राहतो. समाजातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली, माझंही त्यातलंच. अक्कांची पद्धत अशी, की नुसता बायोडेटा घेऊन त्या गप्प बसत नाहीत. एसटीने त्या घरी जातात, चहा घेतात, इकडे तिकडे बघतात, आणि परत येऊन कॉम्प्युटरमध्ये त्या नावापुढे एक शेरा लिहितात. हे शेरे त्यांच्या पासवर्डखाली असतात. मला तांत्रिकदृष्ट्या दिसू शकतात, पण आमच्या धंद्यातला पहिला नियमच असा: सगळं दिसतं, बघायचं नाही.

दोन दिवसांनी, रविवारी, धुळ्यात वधू-वर परिचय मेळावा होता. साडेतीनशे नवीन नावं दिवाळीनंतर नोंदवली गेलेली. यंदा पुस्तिका छापायची नाही असं अक्कांनी ठरवलं होतं. मागच्या वर्षी छापलेल्या पुस्तिकेतले मुलींचे फोटो कुणीतरी मोबाइलवर फिरवले होते, आणि अक्कांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. "तुमच्या मुलीचा फोटो माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही," असा त्यांनी घरोघर जाऊन शब्द दिला होता. त्यामुळे माहिती कागदावर कुठेच नाही. सगळी सर्व्हरवर. मेळाव्यात पडद्यावर दाखवायची आणि बंद करायची. त्या साडेतीनशे घरांपैकी दोनशेच्या वर घरी अक्का दुखरे गुडघे घेऊन स्वतः जाऊन आल्या होत्या. आता ते सगळं नरडाण्याच्या रस्त्यावर टेम्पोत हिंदकळत होतं.

"आबा, देव्हाऱ्यात कधी ठेवला?"

"खंडेनवमीले."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते हे तुम्हाला माहीतच आहे. आबांनी केंद्रातली झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. स्टेपलर, पंचिंग मशीन, कात्री, मेळाव्याचा माइक, आणि वायर काढून हा काळा डबा. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं यथासांग. दसऱ्यानंतर बाकीची हत्यारं आपापल्या जागी परत गेली.

"मग डबा का नाही लावला परत?"

"तठे खाले लोकेस्ना जोडा ऱ्हातस, भाऊ. पुजेल वस्तू चपलासजोडे कशी ठेवू? देव्हारामा ठी दिन्ही. लाल फडकामा. रोज अगरबत्ती दखाडस. बठ्ठं बरोबर शे, काळजी करू नको."

खरंच तिथे टेबलाखाली लोकांचे जोडे असतात. डबा तिथे ठेवला होता तो मी.

खंडेनवमी झाली त्याला साडेतीन महिने होत आले होते. आणि या साडेतीन महिन्यांत रोज सकाळी सात वाजता मला सर्व्हरकडून मेल येत होता: बॅकअप सक्सेसफुल. शंभर मेल. मी रोज चहा पिता पिता तो बघायचो आणि समाधानाने दुसरं बिस्कीट घ्यायचो. वर महिन्यापूर्वीच एका कॉलेजात 'बॅकअपचे महत्त्व' या विषयावर तासभर बोलून शाल-नारळ घेऊन आलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आता हे सक्सेसफुल काय प्रकरण होतं ते सांगतो. सर्व्हरवर बॅकअप नावाचा एक फोल्डर असतो. बाहेरची डिस्क, म्हणजे तो काळा डबा, जोडलेली असली की त्या फोल्डरमध्ये टाकलेलं सगळं डब्यात जाऊन पडतं. डबा काढला तरी फोल्डर तिथेच राहतो. त्यात टाकलेलं मग सर्व्हरच्या स्वतःच्याच पोटात पडतं. म्हणजे दागिने बहिणीकडे ठेवायला म्हणून निघायचं, गल्लीला वळसा घालून आपल्याच कपाटात ठेवायचे, आणि घरी सांगायचं, ठेवले बरं का सुखरूप. सर्व्हर खोटं बोलत नव्हता. त्याने कॉपी केली होती. कुठे केली ते मी विचारलं नव्हतं.

आणि याहून लाज वाटण्यासारखी गोष्ट नंतर लक्षात आली, ती आत्ताच सांगून मोकळा होतो. दिवाळीनंतर हा सर्व्हर हळू चालायला लागला होता. डिस्क भरत आली होती. मी मोठ्या डॉक्टरच्या थाटात निदान केलं: मशीन म्हातारं झालंय, फोटो मोठे झालेत, नवा सर्व्हर घ्या. अक्कांनी वर्गणीतून घेतला. खरं म्हणजे म्हातारं-बितारं काही झालं नव्हतं. रोज स्वतःचीच कॉपी स्वतःच्या पोटात भरून भरून त्याला अजीर्ण झालं होतं.

तर नवा सर्व्हर गुरुवारी धुळ्यात पोचला. ठरलेलं काम असं, की जुन्याचा शेवटचा बॅकअप डब्यात घ्यायचा, डबा नव्याला लावायचा, डेटा भरायचा, सगळं नीट उघडतंय का बघायचं, आणि मगच जुन्याला निरोप द्यायचा. हा क्रम मी स्वतः लोकांना शिकवतो. पण जुनं मशीन नरडाण्याच्या शाळेला द्यायचं अक्कांनी कबूल केलं होतं, आणि शाळेचा टेम्पो शुक्रवारी सकाळी बाकं घ्यायला धुळ्यात आला होता. ड्रायव्हर म्हणाला, आत्ता देता तर द्या, परत येणार नाही. मी मेल बघितला. सक्सेसफुल. म्हटलं, "आबा, देऊन टाका."

आणि आता खरी गंमत. त्या मशीनमध्ये मुलींचे फोटो असल्यामुळे मी आदल्या दिवशी शाळेच्या कॉम्प्युटरच्या देवरे सरांना फोन करून बजावलं होतं, "सर, मशीन आल्या आल्या पहिलं काम म्हणजे फॉरमॅट. सगळं पुसून टाका. माझ्या फोनची वाट बघू नका. कुणी थांबा म्हटलं तरी थांबू नका." पुसण्याचं काम खरं तर माझं होतं. आळस, दुसरं काय! सर म्हणाले होते, "निश्चिंत राहा साहेब, मी शब्दाचा पक्का आहे."

असा शब्दाचा पक्का माणूस मला तेव्हाच भेटायचा होता.

फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाहीत. परत लावला. तेच. शाळेच्या ऑफिसचा नंबर शोधून लावला तर क्लार्कने उचलला.

"देवरे सर आहेत का?"

"आहेत ना. मशीनजवळच आहेत. आलंय ते धुळ्याहून."

"अहो, त्यांना सांगा, हात लावू नका! ऐकताय ना? हात—"

"हॅलो? इकडे माइक टेस्टिंग चाललंय, काही ऐकू येत नाही. कार्यक्रम झाल्यावर करा." फोन बंद.

हात तिच्या! कसला कार्यक्रम? मी तोंडावर पाणी मारलं आणि आबांना परत फोन केला.

"आबा, तो डबा घ्या आणि मिळेल त्या एसटीने नरडाण्याला निघा. शाळेत. मी जळगावहून येतो."

"आते? अक्काले काय सांगू?"

"सांगा... सांगा की डब्याची सर्व्हिसिंग आहे."

"मी खोटं बोलस नही, भाऊ."

"खोटं कुठाय? सर्व्हिसिंगच आहे. निघा तुम्ही!"

गाडी काढली. पाळधी, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा. दोन तास धरून चाला, आणि मध्ये कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला तर सव्वादोन. त्या दिवशी तीन ट्रॅक्टर आले. वाटेत मी डोक्यात हिशेब करत होतो. फॉरमॅट करायला पाच मिनिटं. वरून विंडोज टाकायला अर्धा तास. एकदा वरून दुसरं काही लिहिलं गेलं, की खालचं परत काढणं म्हणजे भाकरी झाल्यावर पीठ परत मागण्यासारखं. साडेतीनशे नावं. रविवारी सकाळी मंडपात पडदा लागलेला, समोर आई-बाप नटूनथटून बसलेले, आणि पडद्यावर काहीच नाही. अक्का माइकवर उभ्या. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी दाबला.

धरणगावला अक्कांचा फोन आला.

"काय रे किशोर, झालं का नवीन मशीन?"

"चालू आहे अक्का. होतच आलंय."

"मागे हॉर्न कसला वाजतोय?"

"खिडकी उघडी आहे ऑफिसची."

"बरं."

अमळनेरला परत. "झालं का रे?" "झाल्यातच जमा आहे अक्का." बेटावदच्या अलीकडे परत. "फोटो दिसायला लागले का?" "एकेक येताहेत." एकदा का थाप मारली की दुसरी आपोआप तिच्या मागे येते, बोलवावी लागत नाही. आणि मुख्याध्यापिकेला थाप मारताना माझा आवाज आजही सातवीतल्यासारखा होतो.

शाळेच्या फाटकात गाडी घातली आणि पळतच आत गेलो. मैदानात मुलं रांगेत बसलेली. व्हरांड्यात टेबल, टेबलावर पांढरा कपडा, कपड्यावर आमचा जुना सर्व्हर. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. अंगावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. समोर रांगोळी, समई, पाच फळं आणि एक नारळ. वायर गुंडाळून शेजारी ठेवलेली, तिलाही कुंकू.

देवरे सर पुढे आले. "अरे वा साहेब! तुम्ही स्वतः आलात! फोन कार्यक्रमासाठी सायलेंट केलाय, माफ करा."

"सर," मला धाप लागलेली, "फॉरमॅट?"

सरांचा चेहरा पडला. "रागावू नका साहेब. शब्द दिला होता, पण अजून नाही झालं. नाना म्हणाले, नारळ फोडल्याशिवाय मशीनला वायर लावायची नाही. नाना आमचे संस्थाचालक. अकराला येणार होते, एका साखरपुड्यात अडकलेत. मुलं अकरापासून बसलीत. मी म्हटलं त्यांना, साहेबांनी बजावलंय, आल्या आल्या पुसायचंय, पण नानांपुढे कुणाचं चालतं?"

मी देवरे सरांना मिठी मारली. ते गोंधळले. त्यांना वाटलं, मी कौतुक करतोय शाळेचं.

आता विचार करा. एका पूजेने माझा बॅकअप घालवला होता आणि दुसऱ्या पूजेने डेटा वाचवला होता. मी खाली बसून घटाघट पाणी प्यायलो.

अर्ध्या तासाने आबा आले. एसटीतून उतरून तसेच चालत, लाल फडक्यातला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. फडकं सोडलं तर डब्याला सुकलेलं फूल चिकटलेलं आणि वायर लावायच्या खाचेत गच्च कुंकू भरलेलं. रोजचं! साडेतीन महिन्यांचं! चित्रकलेच्या बाईंकडून बारीक ब्रश मागून आणला आणि ती खाच कोरून कोरून साफ केली. आबा शेजारी उभे राहून बघत होते. "हळू, भाऊ," म्हणाले. "देवनं शे."

तेवढ्यात नाना आले. पांढराशुभ्र लेंगा-शर्ट, खांद्यावर उपरणं, तोंडात साखरपुड्याचा विडा. त्यांनी माझी चौकशी केली आणि जाहीर करून टाकलं, "प्रमुख पाहुणे आलेले आहेत!" माझ्या गळ्यात हार पडला. सर्व्हरच्या गळ्यातला आणि माझ्या गळ्यातला हार अगदी सारखा होता.

नारळ टेबलाच्या कोपऱ्यापाशी ठेवलेल्या दगडावर फुटला. पाणी उडायच्या आत मी अंगातला स्वेटर काढून मशीनवर टाकला. मुलांना वाटलं हाही विधीच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वायर लागली, शाळेचा मॉनिटर जोडला, नानांनी बटण दाबलं आणि मशीनने पडद्यावर पासवर्ड मागितला. तो फक्त मला ठाऊक. मी पुढे झालो आणि पहिलं काम म्हणजे पडदा भिंतीकडे फिरवला.

"का हो साहेब?" नाना म्हणाले. "पोरांना दिसू द्या की!"

"नाना, मशीन प्रवास करून आलंय. पहिला तासभर तपासणी चालते. तोवर पडद्याकडे बघायचं नसतं. डोळ्यांना त्रास होतो."

देवरे सर कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस शहाणा. म्हणाले, "हो नाना, सुरुवातीला काळजी घ्यावी लागते."

डबा जोडला. निळा दिवा लागला. आबांनी हात जोडले, आणि खरं सांगतो, माझेही जुळले. कॉपी सुरू केली. मशीनने वेळ दाखवली, एक तास पाच मिनिटं. एवढा वेळ ही सभा थोपवायची कशी? पण देवाला काळजी! नाना भाषणाला उभे राहिले. त्यांनी संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात केली. पंचवीस टक्के झाले तेव्हा ते पहिल्या पत्र्याच्या शेडपर्यंत आले होते. पन्नास टक्क्यांना बोअरवेल लागली. लांबलचक भाषण करणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा आवडला. मध्येच ते "दोन शब्द बोलून थांबतो" म्हणाले तेव्हा कॉपी ऐंशी टक्क्यांवर होती. पण कसले थांबतात! आणखी वीस मिनिटं बोलले. देव त्यांचं भलं करो.

कॉपी झाली. यावेळी मात्र मी नुसत्या "सक्सेसफुल"वर उठलो नाही. फाइली मोजल्या. डब्यातून चार-पाच उघडून बघितल्या. इतकंच नाही, कार्यक्रम संपून मुलं खाऊच्या रांगेला गेल्यावर सर्व्हर बंद करून स्क्रू काढले आणि आतल्या दोन्ही मूळ डिस्क काढून पिशवीत टाकल्या. शाळेला म्हटलं, सोमवारी कोऱ्या डिस्क घेऊन येतो, मी स्वतः बसवून देतो.

नाना जरा नाराज झाले. "चालू केलेलं मशीन लगेच बंद?"

"मुहूर्त लागला ना नाना, तो महत्त्वाचा. आता सोमवारपर्यंत विश्रांती."

धुळ्याला जाताना आबा माझ्या शेजारी. मांडीवर लाल फडकं. डब्यावरून रागवायचा मला हक्कच नव्हता. डबा पूजेसाठी काढायचा नाही हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. माझ्या घरच्या डिस्कवर साडेतीन महिने धूळ असते, त्यांच्या डिस्कवर फूल होतं.

केंद्रात पोचलो तर पाच वाजलेले. अक्का खुर्चीत बसून होत्या. मी लगेच नव्या सर्व्हरला डबा लावला, डेटा भरला. दीड तास गेला. मग उठलो, हात झटकले आणि म्हणालो, "झालं, अक्का."

अक्का हसल्या. "आज चौथ्यांदा म्हणालास."

"काय?"

"झालं, होतच आलंय, झाल्यातच जमा, एकेक येताहेत. मी मोजत होते. आबाने मला अकरा वाजताच सगळं सांगितलं होतं. डबा देव्हाऱ्यात होता, मशीन नरडाण्याला गेलं, तू निघालास. सगळं!"

मी आबांकडे बघितलं. आबा चहाचे कप विसळत होते. "मी सांगेल व्हतं ना," ते मान वर न करता म्हणाले, "खोटं बोलस नही म्हणीसन."

"मग अक्का, तुम्ही फोन करून करून का विचारत होतात?"

"अरे, तू खरं कधी सांगतोस ते बघायचं होतं. नाही सांगितलंस. पण काम अर्धवट टाकून परत गेला नाहीस, तेही बघितलं." त्यांनी चष्मा लावला. "चल, आता उघडून दाखव. माझ्या डोळ्यांसमोर."

"कुणाचं उघडू?"

"तुझंच उघड की. बावीस वर्षांपूर्वीचं."

जुन्या नोंदवह्यांतली सगळी नावं अक्कांनीच एका उन्हाळ्यात बसून टाइप केली होती. त्यात मीही होतो, इतकं मला माहीत होतं. नंतर त्या वह्यांना वाळवी लागली. अक्कांनी पासवर्ड टाकला, माझं नाव उघडलं. गालफडं बसलेला एक पोरगा, केस मध्ये भांग पाडून. शिक्षण, उंची, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. आणि खाली अक्कांचा शेरा:

"मुलगा हुशार, निर्व्यसनी. 'झालं' म्हणतो तेव्हा झालेलं नसतं. प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी."

सव्वीस वर्षांच्या धंद्यात बॅकअपवर जे जे वाचलं, ऐकलं, शिकवलं, ते सगळं या एका ओळीत होतं, आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"अक्का, हा शेरा तुम्ही माझ्या सासरी दाखवला होता?"

"मग? लपवायचा असतो का?"

मेळावा झाला. पडदा लागला, साडेतीनशेच्या साडेतीनशे नावं दिसली, फोटो कपाटाबाहेर गेले नाहीत. सोमवारी मी शाळेला डिस्क दिल्या, आणि मूळ डिस्क नवीन सर्व्हर महिनाभर नीट चालल्यावर स्वतःच्या हाताने पुसल्या. केंद्रात आता डबे दोन आहेत. एक भिंतीवर उंच फळीवर, जोड्यांपासून लांब, सर्व्हरला जोडलेला. दर महिन्याला मी जाऊन त्यातली दहा नावं उघडून बघतो. बॅकअप सक्सेसफुल हे मशीनचं मत असतं, ते मी आता फक्त ऐकून घेतो. दुसरा डबा आबांच्या देव्हाऱ्यात, लाल फडक्यात, अगरबत्तीसकट. तो रिकामा आहे. आबांना मी ते खरं खरं सांगितलं आहे. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तोबी कामना शे." म्हणजे तोही कामाचाच आहे. आजवर तो एकदाही बिघडलेला नाही.

त्या शुक्रवारी घरी आल्यावर जेवताना बायकोला, सुनंदाला, सगळी हकीकत सांगितली. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. गॅस बंद केल्यावर बटण परत फिरवून बघणारी बाई. शेऱ्याचं सांगितल्यावर ती काही दचकली नाही. भाकरी वाढत म्हणाली, "माहितीय मला."

"माहीत होतं? आणि तरी लग्न केलंस?"

"प्रत्यक्ष जाऊन खात्री केली ना. आपला बघण्याचा कार्यक्रम व्हायच्या आधी मी तुमच्या दुकानात लॅबचा कीबोर्ड घेऊन आले होते. ओळख दिली नाही. तुम्ही म्हणालात, उद्या झालेला असेल. दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही म्हणालात, झालाच. झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी तुम्ही सायकलवर लॅबपर्यंत तो घेऊन आलात, दुरुस्त करून, मान खाली घालून."

"आणि?"

"आणि काय? मी अक्कांना कळवलं, बोलतो ते खरं नसतं, पण होईपर्यंत घरी जात नाही. चालेल." एवढं बोलून ती उठली आणि गॅसचं बटण परत एकदा बघून आली.